आमचं घर ग्रुप: शनिवारी ब्लूग्रास

दादा: आई, बाबा, शनिवारी संध्याकाळी काही ठरवू नका. इथल्या हॉलमध्ये जॉन राइशमन अँड द जेबर्ड्स येताहेत. तिकिटं काढतोय.

आई: अरे, मी स्वयंपाकघरात आहे. खाली येऊन सांग ना.

ताई: आई, त्याला आम्हाला जळवायचंय. 😄 कोण रे हे?

दादा: इथल्याच, कॅनडातल्या व्हँकुव्हरचा ब्लूग्रास बँड. पंचवीसेक वर्षं एकत्र वाजवताहेत, गाडीत वाद्यं टाकून गावोगाव हिंडतात. मोठ्या स्टेडियमवाले नव्हेत, दोन-तीनशे माणसांच्या हॉलवाले.

आत्या: ब्लूग्रास म्हणजे काय ते सांग आधी. इथे कुणाला ठाऊक असणार!

दादा: आत्या, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात 1911 साली जन्मलेला बिल मन्रो नावाचा मेंडोलिनवाला. त्याच्या बँडचं नाव ब्लू ग्रास बॉइज, त्यावरूनच पुढे या संगीताला नाव पडलं. खेड्यातली जुनी गाणी, चर्चमधली भजनं, काळ्या लोकांचं ब्लूज, सगळं त्याने एकत्र घोटलं आणि लय वाढवली. 1945 च्या शेवटी अर्ल स्क्रग्ज नावाचा पोरगा त्याच्याकडे आला. तीन बोटांनी बँजो असा वाजवायचा की सुरांची नुसती सर लागायची.

आत्या: बँजो? म्हणजे विसर्जन मिरवणुकीतला? तुझ्या बाबांचे कान आधीच गेलेत रे, त्यांना कुठे नेतोस!

दादा: नाही गं, तो बटणांचा, बुलबुल तरंगच्या घरातला. हा गिटारसारखा गळ्यात अडकवतात, आणि तोंडावर कातडं ताणलेलं असतं. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर तिकडे आलेलं वाद्य. या बँडमधला निक हॉर्नबकल तर दोनच बोटांनी वाजवतो. त्यामुळे मारा कमी, आणि मधल्या जागा ऐकू येतात. मला तेच जास्त आवडतं.

बाबा: तबलजी कोण?

दादा: कुणीच नाही. ड्रमही नाही. मेंडोलिन, बँजो, व्हायोलिन, गिटार आणि माणसाएवढा उभा बास. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला, मेंडोलिन दुसऱ्या आणि चौथ्याला. मेंडोलिनवाला तार छेडतो आणि डाव्या हाताची बोटं तिथल्या तिथे सैल करतो. सूर मरतो, फक्त "चक्" उरतं.

बाबा: म्हणजे ठेका मेंडोलिनवाल्याकडे. आणि त्याची पाळी आली की?

दादा: तो पुढे येऊन वाजवतो तेव्हा ठेका बाकीचे धरतात. प्रत्येकाला एकेक आवर्तन मिळतं. बाबा, तुम्ही तिथे मांडीवर हात मारत बसणार, मला दिसतंय.

ताई: राइशमन म्हणजे तोच मेंडोलिनवाला का?

दादा: हो. मूळचा कॅलिफोर्नियाचा. टोनी राइससारख्या गिटारवादकाच्या ग्रुपमध्ये वाजवलेला माणूस. मन्रोच्या गाण्यांच्या एका अल्बमला ग्रॅमी मिळालं, त्यातही हा आहे. त्याची 'सॉल्ट स्प्रिंग' ही धून इतकी पसरली की चार ब्लूग्रासवाले जमले की कुणीतरी ती काढतंच. पुष्कळांना ती जुनी पारंपरिक धूनच वाटते. याहून मोठी पावती काय असणार! बासवर आणि गायला ट्रिशा गॅनन, व्हायोलिनवर ग्रेग स्पॅट्झ. हा स्पॅट्झ कथा-कादंबऱ्याही लिहितो, विद्यापीठात शिकवतो. गिटारला आधी जिम ननली होता, नंतर पॅट्रिक सॉबर आला.

मिरजकाका: अर्धे अमेरिकेचेच दिसतात. कॅनडाचा बँड कसला?

दादा: काका, सीमा इथून जवळच आहे. 😄 पण नाव इथलंच शोभतं. 'जेबर्ड' म्हणजे जे पक्षी, आणि स्टेलर्स जे हा निळा, तुरेवाला पक्षी आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा पक्षी आहे. आई रोज त्याला शेंगदाणे घालते तोच.

आई: तो होय! भांडखोर आहे मेला.

मिरजकाका: मेंडोलिन कुठल्या बनावटीचं?

दादा: याच प्रश्नाची वाट बघत होतो. 1924 चं, गिब्सन कंपनीचं एफ-5 मॉडेल. लॉइड लोअर नावाचा माणूस तेव्हा गिब्सनच्या कारखान्यात होता. व्हायोलिनसारखं कोरीव पोट गिब्सनच्या मेंडोलिनला आधीपासूनच होतं, त्याने व्हायोलिनसारखी एफच्या आकाराची भोकं दिली. तपासलेल्या वाद्याच्या आत चिठ्ठीवर तारीख घालून सही करायचा. 1924 च्या शेवटी तो कंपनी सोडून गेला. सहीवालं वाद्य आज लाखभर डॉलरच्याही वर जातं.

मिरजकाका: आमच्या गल्लीत जुन्या तंबोऱ्याला पण असेच वेडे येतात. पण सही राहू दे, लाकूड कुठलं?

दादा: वर स्प्रूस, पाठीला मेपल. मन्रोकडेही लोअरचंच होतं, 1923 चं. मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात मिळालेलं. 1985 मध्ये कुणीतरी त्याच्या घरात घुसून शेकोटीच्या सळईने त्या मेंडोलिनचा चुरा केला. गिब्सनच्या कारागिराने ढलप्या चिकटवून ते पुन्हा उभं केलं, आणि म्हातारा पुढे त्यावरच वाजवत राहिला.

मिरजकाका: बाप रे. फुटका भोपळा सांधलेला पाहिलाय, पण ढलप्या? त्या कारागिराचे पाय धरावेत.

आत्या: तिकीट केवढ्याला?

दादा: ते आईसमोर नको.

आई: मी वाचतेय. 😡

ताई: व्हिडिओ टाक रे, पण पाच मिनिटांचा नको. माझा फोन भरलाय.

दादा: कार्यक्रम चालू असताना नाही काढणार. मध्यंतरात हे लोक स्वतःच सीडीच्या टेबलाशी उभे असतात, तेव्हा विचारून मेंडोलिनचा फोटो काढतो.

मिरजकाका: समोरून सगळेच काढतात. पाठीचा काढ, मेपलचे पट्टे दिसले पाहिजेत. आणि फ्लॅश मारू नकोस.