भाची चालली तावेउनीला: फिजीतल्या बेटावरच्या मुक्कामाची तयारी

बी ५०४: नमस्कार सोसायटीतल्या मंडळी. न्यू जर्सीत एडिसनला असते त्या माझ्या ताईची मुलगी पीस कोअरतर्फे (अमेरिकी सरकारची स्वयंसेवक पाठवणारी संस्था) फिजीला गेली आहे. ट्रेनिंग संपत आलं, आता दोन वर्षं तावेउनी बेटावरच्या एका गावात राहायचंय. तिच्या यादीत धबधबे, डोंगर, स्नॉर्कलिंग, डायव्हिंग सगळं आहे आणि तिकडे ताईची झोप उडाली आहे. ताई डिसेंबरात भेटायला जायचं म्हणते. कॅप्टनकाका, डॉक्टर, ए ६०३ च्या मॅडम, नेमकं काय सांभाळायचं ते सांगाल का?

ए ६०३: आधी भूगोल, कारण बाकीचं त्यावरच ठरतं. तावेउनी हे फिजीतलं तिसरं मोठं बेट. लांबट, मधोमध ज्वालामुखीच्या डोंगरांची रांग, सर्वांत उंच शिखर १२४१ मीटर. वारा आग्नेयेकडून येतो, त्यामुळे पूर्वेची बाजू कायम भिजलेली. दुकानं, बँक, सरकारी हॉस्पिटल पश्चिमेला, नांगारा-सोमोसोमो-वाइयेवो या पट्ट्यात. रस्ता बेटाला पूर्ण वळसा घालत नाही, पूर्वेला लावेना गावाशी संपतो. तेव्हा तिचं गाव कुठल्या बाजूला आहे ते पहिल्यांदा विचारा.

बी ५०४: पूर्वेला. बोउमाच्या जवळ.

ए ६०३: म्हणजे जंगल आणि धबधबे दारात, आणि हॉस्पिटल उत्तरेकडून अख्खा फेरा मारून. बस दिवसातून मोजक्याच, रविवारी तर बसच्या भरवशावर राहूच नये. गावात गाडी किंवा होडी कोणाकडे आहे आणि रात्री हाक मारली तर कोण उठेल, ही नावं पहिल्याच आठवड्यात वहीत लिहून ठेवायला सांगा.

आता सर्वांत महत्त्वाचं. फिजीतली बहुतेक जमीन तिथल्या मूळ रहिवाशांच्या घराण्यांच्या मालकीची आहे आणि गावासमोरच्या समुद्रातले मासेमारीचे परंपरागत हक्कही गावाचे. ‘मोकळं रान आहे, चला फिरायला’ असं तिथे नसतं. नव्या गावात पाऊल टाकायचं तर सेवुसेवू करायचा: यांगोनाच्या, म्हणजे ज्याचं कावा हे पेय करतात त्या झाडाच्या, वाळलेल्या मुळांची जुडी (अर्धा किलो पुरते, बाजारात कागदात बांधून मिळते) गावच्या प्रमुखापुढे ठेवायची, कशासाठी आलो ते सांगायचं आणि परवानगी घ्यायची. टोपी आणि गॉगल काढून, खांदे झाकून, कमरेला सुलू (लुंगीसारखं वस्त्र) गुंडाळून, मांडी घालून बसायचं. कोणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. रविवारी चर्च आणि जेवण. त्या दिवशी गावासमोर पोहणं किंवा मासेमारी नको.

याला नुसता शिष्टाचार समजू नका. परवानगी मागितली की सोबत माणूस मिळतो, आणि त्या माणसाला आज ओढा कसा आहे, कुठली खडक-वाट निसरडी आहे, कुठल्या फटीतून प्रवाह बाहेर ओढतो हे माहीत असतं. बेटावरची सुरक्षितता म्हणजे हीच.

सी ३०४: कावा प्यावाच लागतो का? नाही म्हटलं तर राग येतो का?

ए ६०३: पहिली वाटी नाकारू नये. एक टाळी, ‘बुला’ (तिथला नमस्कार), एका दमात वाटी रिकामी, मग तीन टाळ्या. थोडाच हवा असेल तर ‘लो टाइड’ म्हणायचं, वाटी कमी भरतात. तिथे सर्रास चालतं. जीभ बधिर होते, झोप येते. सोबत दारू नको, आणि त्या रात्री पाण्यात उतरणं नको.

ए २०१ डॉक्टर: कावा कच्च्या पाण्यात कालवतात हे लक्षात ठेवा. टायफॉइडची लस झालेली असावी. पीस कोअरचा स्वतःचा वैद्यकीय अधिकारी असतो, लसी आणि औषधांची पेटी तेच देतात, त्यामुळे वेगळी औषधं पाठवू नका. मी फक्त तिथे काय होतं आणि का, ते सांगतो.

फिजीत मलेरिया नाही. (शेजारच्या वानुआतू आणि सॉलोमनमध्ये आहे, म्हणून लोकांचा घोळ होतो.) डेंगी मात्र आहे आणि तो डास दिवसा चावतो. मच्छरदाणी दुपारच्या झोपेलाही हवी. रेबीज नाही, तरी कुत्रा चावला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि धनुर्वाताचं बघायचं.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा खरा धोका. आपल्याकडे पावसाळ्यात मुंबईत, कोकणात होतो तोच. उंदीर, डुकरं, गुरं यांच्या लघवीतून चिखलात आणि ओढ्यात जंतू येतात आणि पायावरच्या साध्या ओरखड्यातून शरीरात शिरतात. मुसळधार पावसानंतर दोन-तीन दिवस ओढ्यात डुंबणं टाळायचं, पायाला जखम असेल तर पट्टी आणि बूट. चिखल-पाण्याशी संबंध आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, असं काही झालं तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी पडून राहायचं नाही.

तिथे जाणाऱ्या बहुतेक सगळ्यांना छळतात ते फोड. प्रवाळावर घासलं, डास खाजवला, दमट हवेत जखम सुकत नाही, तिसऱ्या दिवशी पू. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा: प्रवाळाचा ओरखडा त्याच दिवशी गोड्या पाण्याने आणि साबणाने चोळून धुवायचा, आतले कण काढायचे, अँटिसेप्टिक लावायचं आणि बरा होईपर्यंत समुद्रात जायचं नाही. लाली वरवर सरकायला लागली किंवा ताप आला की लगेच वैद्यकीय अधिकाऱ्याला फोन.

सी ७०२ कॅप्टनकाका: आणि मासे, डॉक्टर.

ए २०१ डॉक्टर: हो, सिगुआतेरा, म्हणजे माशातून होणारी विषबाधा. प्रवाळावरचे मोठे शिकारी मासे, म्हणजे बॅराकुडा, मोरे ईल, मोठा हेकरू, मोठी तांब, यांच्या अंगात एक विष साठत जातं. शिजवून, तळून, गोठवून ते जात नाही. चवही बदलत नाही. ओठ-बोटांना मुंग्या, उलटी-जुलाब, आणि गार वस्तू चटका बसल्यासारखी लागते. कुठल्या प्रवाळावरचा मासा खायचा नाही ते गावातल्या मासेमारांना विचारायचं.

स्टोनफिश (विषारी काट्यांचा, दगडासारखा दिसणारा मासा) पायात रुतला तर बर्फ नाही, गरम पाणी: सोसेल इतकं, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास. पाणी आधी दुसऱ्याने हाताने तपासायचं, दुखणाऱ्या पायाला चटका कळत नाही. आणि त्याच वेळी हॉस्पिटलकडे निघायचं. शंकूच्या आकाराचे सुंदर पण विषारी कोन शेल (शंख) हातात घ्यायचे नाहीत, खिशात तर मुळीच नाही.

सी ७०२ कॅप्टनकाका: आता पाण्याचं. तावेउनी आणि वानुआ लेवू या दोन बेटांमध्ये सोमोसोमोची सामुद्रधुनी आहे आणि रेनबो रीफ ही प्रवाळांची रांग तिथेच. भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्या चिंचोळ्या जागेतून पळतं, म्हणून प्रवाह जबरदस्त. पण त्या प्रवाहामुळेच तिथले मऊ प्रवाळ उमलतात; पाणी थांबलं की मिटून बसतात. ‘ग्रेट व्हाइट वॉल’ (पांढऱ्या मऊ प्रवाळांनी भरलेली पाण्याखालची भिंत) बघायची तर वेळ भरतीच्या तक्त्यावरून ठरते, आपल्या सुट्टीवरून नाही. ती डाइव्ह नवशिक्यांची नाही: बोगद्यातून खाली उतरायचं आणि खोल भिंतीवर निघायचं.

किनाऱ्यावरून स्नॉर्कलिंग करताना अर्धी भरती झाल्यावर उतरायचं. पूर्ण ओहोटीला प्रवाळावर गुडघाभर पाणी उरतं, पोहताही येत नाही आणि चालताही येत नाही, आणि डॉक्टर म्हणाले ते ओरखडे तिथेच होतात. कडेला जिथे प्रवाळात खिंड असते तिथून ओहोटीचं पाणी बाहेर ओढतं. त्या तोंडाशी जायचं नाही. एकटीने कधीच नाही.

एक गोष्ट पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. डाइव्हनंतर विमानात बसायला एका डाइव्हसाठी किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्हसाठी किमान १८ तास थांबतात, हे ठाऊक असतं. पण तावेउनीवर डे व्हो शिखर ११९५ मीटरवर आहे आणि पायथा समुद्रात! सकाळी डाइव्ह आणि दुपारी जीपने शिखर, हेही विमानात बसण्यासारखंच. डाइव्हमध्ये रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे करतो; तो रस्ता आणि विमान असा भेद करत नाही. आधी डोंगर, दुसऱ्या दिवशी समुद्र, हा क्रम ठेवायचा.

बी ५०४: काका, हे तिला लगेच पाठवते. तिने शनिवारसाठी नेमकं उलट लिहिलंय 😟

ए ६०३: डे व्होला पहाटे अंधारात निघावं, पायथ्याच्या वाइरिकी गावाकडून पायी तीन-चार तास. सकाळ सरली की ढग शिखर झाकतात. टांगिमौथियाची लाल-पांढरी फुलं तिथल्या उंचीवरच फुलतात, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर. पक्ष्यांसाठी तर तावेउनी खास आहे, कारण तिथे मुंगूस नाही. विटी लेवू या फिजीच्या सर्वांत मोठ्या बेटावर १८८३ साली उसातले उंदीर मारायला भारतातून मुंगूस नेले, त्यांनी जमिनीवर घरटी करणारे पक्षीच संपवत आणले. तावेउनीवर ऑरेंज डव्ह अजून दिसतो. नर अक्षरशः झेंडूच्या रंगाचा.

तिच्या दारातली वाट म्हणजे लावेना किनाऱ्याची. एका बाजूने सुमारे पाच किलोमीटर, जाऊन-येऊन तीन तास धरा, पाण्यातला वेळ वेगळा. गावात शुल्क भरून वहीत नाव लिहायचं. वाट सपाट आहे, झुलता पूल आहे; शेवटी मात्र ओढ्यातून खडक धरत जायचं आणि धबधबा बघायला खोल डोहातून पोहायचं. इथेच घात होतो. पाऊस वर डोंगरात पडतो, खाली ऊन असतं. पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या किंवा आवाज बदलला, की सामान सोडून काठ चढायचा. ‘पाच मिनिटांत फोटो काढून येऊ’ हे पाच मिनिटंच नडतात. वरून उड्या मारायच्या नाहीत, कारण पूर आला की डोहाच्या तळाचे दगड हलतात. कालचा डोह आज तेवढाच खोल असेल असं नाही.

बी १०२: माझ्या मुलाला असं काही करता येईल का? इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

ए ६०३: पीस कोअर फक्त अमेरिकन नागरिकांसाठी. भारतीयांनी यूएन व्हॉलंटियर्सच्या साइटवर प्रोफाइल करावं. आणि पर्यटक म्हणून जाऊन परस्पर कुठे ‘स्वयंसेवा’ करू नये, त्यासाठी वेगळा परवाना लागतो.

बी ५०४: ताई विचारतेय, लाडू, लोणचं, तूप नेऊ का? पोरीचं जेवणाचं कसं होणार?

ए ६०३: फिजीची जैवसुरक्षा तपासणी कडक आहे. बिया, ताजी फळं, दुधाचे पदार्थ, मध, मांस यांवर निर्बंध. घरचं तूप-लाडू काढून घेण्याचीच शक्यता जास्त. जे असेल ते फॉर्मवर लिहावं. लपवलं तर दंड. आणि गरजही नाही. १८७९ पासून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे भारतीय मजूर, तिथे गेले, त्यामुळे नांगाऱ्याच्या दुकानात डाळ, कणीक, हळद, जिरं, मोहरी सगळं मिळतं.

गावातलं खाणंही आपल्याला परकं नाही. दालो म्हणजे अळूचा कंद, रोउरोउ म्हणजे नारळाच्या दुधातलं अळूचं पान, उतो म्हणजे कोकणातला नीरफणस, आणि तावियोका म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद. अळू पूर्ण मऊ शिजवायचं, नाहीतर घसा खवखवतो. चिंचेचं झाड गावात असेल तर उत्तमच. डाळ मात्र स्वतः ठेवावी, कारण मासे मिळाले नाहीत की ताटात नुसता स्टार्च उरतो.

सी ३०४: विजेचं सांगतो. २४० व्होल्ट, पिना ऑस्ट्रेलियासारख्या तिरक्या. ती अमेरिकेतून गेलीय, तेव्हा चार्जरवर ‘१००-२४०’ लिहिलंय का बघा. फक्त १२० चं उपकरण नुसता अडॅप्टर लावून जोडलं तर जळतं. गावोगावी चोवीस तास वीज असेल असं धरू नका: हेडलॅम्प, २०,००० एमएएचची पॉवर बँक, छोटं सोलर पॅनल. फोन आणि कागदपत्रांना ड्राय बॅग, आत सिलिका जेल. बुरशी लेन्सलाही खाते. घरावरच्या पत्र्याचं पाणी टाकीत घेत असतील तर कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचं, आणि प्यायचं पाणी खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट ठेवायचं.

सी ७०२ कॅप्टनकाका: डिसेंबरबद्दल. वादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. २० फेब्रुवारी २०१६ ला विन्स्टन आलं, पाचव्या श्रेणीचं, देशात ४४ माणसं गेली. डिसेंबरात वादळ येईलच असं नाही, पण विमानं आणि फेरी रद्द होऊन अडकायला होतं. ऑक्टोबर बरा: पाऊस कमी आणि फुलं सुरू. नांदीच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाहून माटेईला (तावेउनीचा विमानतळ) जाणारं विमान छोटं, १९ आसनांचं. आंतरराष्ट्रीय विमानाइतकं सामान चालत नाही, प्रवाशाचंही वजन करतात. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी नांदीत एक रात्र मोकळी ठेवा.

बी ५०४: ऑक्टोबर सांगते ताईला. फोन कधी करायचा? आमचा नेहमी गोंधळ होतो.

सी ७०२ कॅप्टनकाका: फिजी आपल्या साडेसहा तास पुढे. आपले दुपारी दीड म्हणजे तिचे रात्रीचे आठ. न्यू जर्सीच्या ती हिवाळ्यात १७ आणि उन्हाळ्यात १६ तास पुढे, म्हणून ताईंनी शनिवारी संध्याकाळी फोन केला तर तिकडे रविवार असतो आणि ती दुपारी चर्चनंतर जेवायला बसलेली असते. रेंज नसली तर लगेच घाबरायचं नाही. गावाबाहेर रात्र काढायची असेल तर तिने पीस कोअरच्या कार्यालयाला कळवायचंच असतं. तोच संदेश ताईंनाही पाठवायला सांगा: कुठे, कोणाबरोबर, किती वाजता परत.