मदत हवी आहे: बामुम लिपीतून देवनागरी, निम्मे शब्द चुकतायत

निरंक
कॅमेरूनमधल्या फुम्बानची बामुम लिपी. त्यातली शब्दयादी देवनागरीत आणायची आहे. अक्षराला अक्षर असा तक्ता केला, पायथॉनमधून फिरवला. 'दु' हवं तिथे 'तुउ' येतंय, शब्द मध्येच तुटतायत, काही ठिकाणी चक्क १, ४, ७ उगवतायत. तक्ता तीनदा तपासलाय. परवा फाइल द्यायचीय. 'बामुम म्हणजे काय' विचारणाऱ्यांनी कृपया पुढे जा.

टाकबोरू
लिपीची कुठली अवस्था? बामुमांचा राजा न्जोया याने १८९६च्या सुमारास सुरुवात केली तेव्हा पाचशेच्या आसपास चिन्हं होती. ती घासत घासत १९१०पर्यंत ८० अक्षरांवर आली. पहिल्या चार अक्षरांवरून तिलाच 'अ का उ कु' म्हणतात. कोडपॉइंट (चिन्हांचे युनिकोड क्रमांक) द्या.

पावशेर
नोतो सान्स बामुम फाँट टाका, चौकोन जातील.

निरंक
चौकोन दिसतायत असं कुठे म्हटलंय? सगळं युनिकोडच्या ए६ए०पासूनच्या ब्लॉकमध्ये आहे.

टाकबोरू
म्हणजे 'अ का उ कु'च. मग तक्ता बरोबर असूनही उत्तर चुकणारच. भाषेतले सगळे व्यंजन-स्वर ८० चिन्हांत मावत नाहीत, म्हणून दोन चिन्हं जोडतात. पुढे वेगळा स्वर आला तर पहिल्या चिन्हाचा स्वर गळतो आणि नवा बसतो. पण त्याचाच स्वर पुन्हा आला तर मराठी डोळ्याला वाटतं तसा तो दीर्घ होत नाही, व्यंजन घोष होतं (म्हणताना कंठ थरथरतो). तु+उ = दु. फु+उ = वु. शि+इ = झि, पण हा झ फ्रेंच 'बोंजूर'मधला. पुअ+उ = बु. सरसकट नियम लावू नका, जोड्यांची वेगळी यादी करा आणि एकेका अक्षराच्या आधी ती चालवा.

गवतीचहा
मुळात देवनागरीचा हट्ट कशाला? आयपीए वापरा, म्हणजे उच्चारांची आंतरराष्ट्रीय चिन्हं. बामुममध्ये 'क्प' म्हणताना जिभेचा मागचा भाग आणि ओठ एकदम बंद होऊन एकदम सुटतात. तुम्ही 'क्प' लिहिलंत की लोक 'वाक्प्रचार'सारखं आधी क, मग प म्हणणार. ओठांचा चंबू करून म्हटलेला 'ई' कसा लिहिणार? आणि शब्दांचे चढे-उतरे सूर?

टाकबोरू
सूर मूळ लिपीतही लिहीत नाहीत. देवनागरीवर तेवढं खापर नको. निरंक, वाचणार कोण?

निरंक
प्रदर्शनातल्या पाट्या आहेत, आयपीए कोणी वाचणार नाही. 'दु' जमलं, धन्यवाद. शब्द का तुटतायत?

शून्यशेष
शब्द वेगळे कशावर करताय?

निरंक
पायथॉनच्या इझअल्फाने, ते चिन्ह अक्षर आहे की नाही सांगतं. खोटं आलं की शब्द संपला. अंक त्याच्याही आधी देवनागरी करून घेतो.

शून्यशेष
दोन्ही रोग तिथेच आहेत. ८० पैकी शेवटची दहा (ए६ई६ ते ए६ईएफ) अक्षरंही आहेत आणि अंकही. युनिकोडने ती 'अक्षर-अंक' गटात टाकलीत, इझअल्फा त्यांना खोटंच म्हणणार. अक्षरांच्या डोक्यावर येणाऱ्या दोन खुणांनाही (ए६एफ०, ए६एफ१) तेच. मो, क्पा, साम्बा म्हणजे १, ४, ७, तेच तुम्हाला शब्दांत दिसतायत. अंक बदलण्याची पायरी शेवटी न्या आणि अख्खा तुकडा त्या दहांचाच असेल तरच चालवा. तरीही डोळ्यांनी बघा, एकटा 'मो' शब्दही असू शकतो. दहावं चिन्ह 'कोघोम' आज शून्य आहे, जुन्या कागदांत दहा.

पावशेर
डेटाबेस यूटीएफ८एमबी४ (चार बाइटांची चिन्हंही साठवणारी पद्धत) करा, नाहीतर अर्धी अक्षरं साठणार नाहीत.

शून्यशेष
इथे डेटाबेस कुठून आला? हा ब्लॉक तीन बाइटांत बसतो. चार लागतात १६८००पासूनच्या पुरवणी ब्लॉकला, म्हणजे जुन्या अवस्थांना.

टाकबोरू
निरंक, त्या दोन खुणांचं काय केलंत?

निरंक
ए६एफ० म्हणजे टोपी, तिला हलन्त दिला. ए६एफ१ म्हणजे आडवी रेघ, ती दीर्घ.

टाकबोरू
अगदी उलट! हलन्ताचं काम रेघेचं. तिचं नाव तुक्वेन्तिस, ती स्वर मारते आणि डझनभर अक्षरांवरच येते. टोपी म्हणजे कोन्दोन, ती कुठल्याही अक्षरावर चालते आणि बहुतेकदा शेवटी कंठ्य स्फोट लावते, घसा कचकन बंद. काच्या डोक्यावर टोपी आली की 'काॽ'. पुअवर आली की स्वरही आखडून 'पुॽ'. ॽ हे चिन्ह देवनागरीतच आहे, ०९७डी.

गवतीचहा
पाटीवर ॽ बघून लोकांना प्रश्नचिन्ह वाटेल. त्यापेक्षा विसर्ग द्या, 'काः'.

टाकबोरू
विसर्ग दिला की 'काहा' म्हणतील. इथे हवा सुटत नाही, अडते.

गवतीचहा
मग अवग्रह?

टाकबोरू
तो तर आपण हाक लांबवायला वापरतो, 'आईऽऽ'. इथे तोडायचंय.

शून्यशेष
ॽ ठेवा आणि पहिल्या पाटीवर एका ओळीत खुलासा द्या. आणखी एक, विरामचिन्हं पुसताय का? ए६एफ२, न्जॅम्ली, उलट्या प्रश्नचिन्हासारखं दिसतं. ते विशेषनामाआधी येतं, पण युनिकोडच्या लेखी विरामचिन्हच आहे.

निरंक
पुसलीत सगळी. म्हणजे राजाचं नाव कुठलं हे आता मूळ फाइलीतूनच शोधायचं.

पावशेर
मोडीतही विशेषनामाला खूण असते का हो?