जे. जे. वॉटचं करिअर: आकडे कसे वाचायचे आणि कबड्डीच्या पोट्ट्यांना त्यातलं काय शिकवायचं?

डावा_कोपरा (दारव्हा)
राजेहो, आमच्या मंडळातले पोट्टे सध्या मोबाइलवर अमेरिकन फुटबॉल पाहून राहिले, अन् सारे जे. जे. वॉट या डिफेन्सिव्ह एन्डच्या (बचावाच्या पुढच्या फळीत कडेला खेळणारा) मागं लागले. 12 हंगाम, 114.5 सॅक. हा अर्धा सॅक काय भानगड आहे? बाकीच्या डिफेन्सिव्ह एन्डना एवढे सॅक का नाही मिळत? अन् त्याच्या खेळातलं कोपरा खेळणाऱ्याला काय देता येईल? आमच्याकडं मॅट नाही. काळ्या मातीवर मुरूम टाकलेलं मैदान आहे.

चौथा_डाउन (पुसद)
क्वार्टरबॅकनं (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) पास टाकायच्या आत त्याला स्क्रिमेजच्या रेषेमागं (चाल जिथून सुरू होते ती रेषा) पाडलं की सॅक. दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा-अर्धा. एनएफएलचे (अमेरिकेची व्यावसायिक फुटबॉल लीग) सॅकचे अधिकृत आकडे 1982 पासूनचे आहेत, म्हणून त्याआधीच्या खेळाडूंशी तुलना करू नका.

दुसरा प्रश्न खरा मोलाचा. वॉटचा तेव्हाचा संघ ह्यूस्टन टेक्सन्स 3-4 खेळायचा, म्हणजे पुढं तीन लाइनमन, मागं चार लाइनबॅकर. या मांडणीत एन्डनं समोरच्या टॅकलला (क्वार्टरबॅकला राखणारा कडेचा खेळाडू) रोखून धरायचं आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटी सांभाळायच्या, असा जुना रिवाज. सॅक बाहेरचा लाइनबॅकर घेऊन जातो. वॉट 2011 च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) अकराव्या क्रमांकावर आला, त्याच वर्षी वेड फिलिप्स तिथं डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाचे प्रशिक्षक) झाले. त्यांनी एन्डला एकच फट नेमून दिली: स्नॅप झाला (चेंडू मागं देऊन चाल सुरू झाली) की थेट आत घुसायचं. पुढच्याच हंगामात 20.5 सॅक! शिवाय 16 पास अडवले. ब्लॉकरनं (वाट अडवणाऱ्यानं) थोपवलंच तर वॉट क्वार्टरबॅकच्या हातावर नजर ठेवून पास सुटताना हात वर करायचा. पोट्ट्यांना हे मुद्दाम दाखवा, कारण हायलाइटमध्ये फक्त सॅक दिसतात.

सांधा_स्नायू (अकोट)
एकूण बेरजेवर जाऊ नका, तिचे दोन तुकडे करा. 2011 ते 2015 वॉट एकही सामना चुकला नाही: 80 सामने, 74.5 सॅक, आणि 2012, 2014, 2015 असा तीनदा सर्वोत्तम बचावपटूचा किताब. पुढच्या सात हंगामांत मिळून 40, त्यातले 28.5 एकट्या 2018 आणि 2022 चे. मधली वर्षं दुखापतींनी खाल्ली. 2016 मध्ये पाठीची डिस्क, फक्त 3 सामने खेळला. 2017 मध्ये गुडघ्याच्या सांध्यालगत नडगीचं हाड मोडलं, 5 सामने. 2019 मध्ये छातीचा स्नायू फाटला, तेव्हा 8.

छातीचं कोपरा खेळणाऱ्यानं नीट समजून घ्यावं. हात पूर्ण लांब केलेला असताना वेगातला माणूस त्यावर आला की सगळा ताण छातीच्या स्नायूवर जातो. पळत्या रेडरला लांबून हात घालणं म्हणजे हेच. आधी पाय जवळ न्या, कोपर अंगाजवळ ठेवा, मग पकड.

डावा_कोपरा (दारव्हा)
समजलं. मग सरावात नेमकं काय घेऊ? पोट्टे रिप अन् स्विम हे वॉटचे डाव शिकवा म्हणतात.

चौथा_डाउन (पुसद)
माझं मत स्पष्ट आहे: ते सोडा. रिपमध्ये ब्लॉकरच्या काखेखालून हात वर काढायचा, स्विममध्ये त्याच्या खांद्यावरून. कबड्डीत मधे ब्लॉकरच नाही, मग हा वेळ कशाला घालवता? घ्यायचं ते खांद्याचं टॅकल. सिएटल सीहॉक्स या एनएफएल संघानं 2014 मध्ये रग्बीवरून घेतलेल्या या पद्धतीचा व्हिडिओ काढला होता. तुमच्या थाय होल्डला ती तशीच लागू पडते. नजर रेडरच्या मांडीवर, त्याच्याजवळचा पाय त्याच्या पावलाशेजारी, खांदा मांडीला भिडवायचा, दोन्ही हातांनी आवळायचं आणि पाय चालू ठेवायचे. डोकं त्याच्या पाठीकडच्या बाजूला. समोर ठेवलं तर गुडघा कपाळात बसतो.

नेहमी बिघडतं ते शेवटच्या क्षणी. पोरगा मान खाली घालतो, धक्का सरळ मणक्यावर जातो. एनएफएलमध्ये 2018 पासून डोकं खाली घालून धडकलं की 15 यार्डांची पेनल्टी आहे. तुम्हीही सरावात मान झुकली की ती पकड बाद धरा.

कुटार_बारदाना (आर्वी)
डमी विकत घेऊ नका. तागाच्या पोत्यात तुरीचं कुटार ठासून भरा, मधोमध रेतीच्या दोन-तीन लहान पिशव्या घाला, 25 किलोच्या आसपास पुरे. नुसती रेती भरली तर ती तळाशी बसून दगडासारखी होते आणि मनगटं मुरगळतात. पोतं जोडीदारानं उभं धरायचं. प्रत्येक खांद्यानं पाच पकडी, आधी चालत, मग हळू पळत. पाय थांबून हात पुढं जायला लागले की पोरगा थकला, तिथंच बंद.

मैदानावर आदल्या संध्याकाळी पाणी मारा. कोरड्या मुरमावर गुडघे सोलतात. आणि पाऊस पडून खालची काळी माती वर आली असेल तर त्या दिवशी पकड घेऊच नका: पाऊल चिखलात रुततं, अंग वळतं आणि गुडघ्याचा लिगामेंट जातो.