टाळीला दचकणे हा पुरावा नव्हे
टाळी वाजवल्यावर बाळ दचकते, मग नवजात बाळाची श्रवण तपासणी कशाला, असे अनेकदा विचारले जाते; पण हा मुद्दा फसवा आहे. कारण मोठ्या आवाजाला दचकणाऱ्या बाळालाही बोलण्यातील बारीक ध्वनी ऐकू येत नसण्याची शक्यता असते. झोपलेल्या बाळाची ओएई चाचणी (आवाजाला आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) काही मिनिटांत, वेदनेविना होते. मात्र श्रवणमज्जातंतूतील दोष तिच्यातून निसटू शकतो, म्हणून अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांची एबीआर चाचणीही (आवाजाला श्रवणमज्जातंतू व मेंदूचा प्रतिसाद मोजणारी) करावी. पहिल्या महिन्यात ही प्राथमिक चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र व भाषोपचार सुरू झाल्यास भाषाविकास पुष्कळ चांगला होतो. आपल्या मराठवाड्यात आते-मामेभावंडांची लग्ने अजूनही होतात आणि अशा नात्यांत आनुवंशिक बहिरेपणाचा धोका वाढतो, त्यामुळे ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ या आजीच्या (मायेच्याच) दिलाशावर वर्ष-दोन वर्षे घालवू नयेत.