इंदूरच्या घडणीत मोठा वाटा कुणाचा: गेडिसचा अहवाल की रुडकीची प्रयोगशाळा?

रामबागकर
सरकारी बांधकाम-संशोधन म्हटलं की लोक रुडकीच्या सीबीआरआय या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेपासून, म्हणजे १९४७ पासून सुरुवात करतात. माझ्या मते इंदूरसाठी खरं संशोधन त्याच्या तीस वर्षं आधीच झालं. होळकर दरबारानं स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं आणि १९१८ मध्ये त्यांचा दोन खंडांचा अहवाल आला. प्लेगचा उपाय म्हणून दाट वस्त्या सरसकट पाडायची तेव्हा रीत होती. गेडिस म्हणाले, अगदी पडकी घरं तेवढी काढा, बाकीची दुरुस्त करा, रिकाम्या जागेत बागा लावा. महागड्या भुयारी गटार योजनेवरही त्यांनी टीका केली. गल्लीतून फिरून केलेलं हे काम. आता नगरनियोजनाचं केंद्रीय कार्यालय टीसीपीओ १९६२ पासून दिल्लीत, आणि आपल्या सराफ्याची गल्ली त्यांच्या नकाशात एक रेघ!

काळीमाती
साफ असहमत. माळव्याच्या काळ्या मातीवर घर बांधलंय का कधी? पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात आणि भिंतीही तडकतात. यावर सीबीआरआयनं अंडर-रीम्ड पाइलचं काम केलं. पाइल म्हणजे जमिनीत खोल जाणारा पायाचा खांब. पाइलच्या तळाशी फुगवटा, आणि तो माती फुगण्या-आकसण्याच्या थराखाली, साधारण साडेतीन मीटर खोल. मग वरची माती हलली तरी पाया जागचा हलत नाही. हे पुढे आयएस २९११ या मानकातही आलं. गल्ल्या हिंडून हे कळत नाही. त्याला वर्षानुवर्षं नमुने तपासणारी, पगार देऊन पोसलेली प्रयोगशाळाच लागते.

रामबागकर
पायाचं मान्य, ते विज्ञान आहे. मी वस्तीबद्दल बोलतोय. पायाचं उत्तर रुडकीहून येऊ शकतं, कारण काळी माती विदर्भातही तीच आहे. पण जुन्या इंदुरातल्या वाड्यांचं, कान्ह नदीकाठच्या घरांचं उत्तर इथंच शोधावं लागेल.

छत्रीबाग_ताई
मला दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटलेली दिसते. गेडिस गेले, पण त्यांच्यासारखा अभ्यास पुढे चालू ठेवणारं कायमचं कुणी मला तरी दिसत नाही. १९५४ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय इमारत संघटना निघाली, स्वस्त घरांची माहिती गोळा करून पसरवायला. मध्य प्रदेशचा नगर तथा ग्राम निवेश कायदा १९७३ चा. म्हणजे कायदा आहे, संस्था आहेत, पण इंदुरात बसून इंदूर अभ्यासणारं स्वतंत्र सरकारी केंद्र हवं होतं, ते या दोन्हींतून आलं नाही.

काळीमाती
ताई, प्रत्येक शहराला केंद्र काढायचं तर पैसे कुठून? २०२१ मध्ये नव्या तंत्राची घरं बांधून दाखवणाऱ्या लाइट हाउस प्रकल्पात इंदूरला १,०२४ घरं सँडविच पॅनेलच्या, म्हणजे मध्ये हलका भराव असलेल्या तयार भिंतींच्या तंत्रानं बांधायचं ठरलं, तेही केंद्राच्या योजनेतून. तंत्र बाहेरूनच आलं ना?

छत्रीबाग_ताई
तंत्र येऊ दे की. पण मे महिन्यात त्या पॅनेलच्या घरात किती उकडतं, हे राहणाऱ्यांना विचारून, मोजून कोण लिहून ठेवणार? मला तेवढंच केंद्र हवंय, चार माणसांचं असलं तरी चालेल.