शब्दचर्चा : ‘टाकू शकत नाही’ आणि ‘टाकवत नाही’

डोंबिवलीतील आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावयाची असल्याने गेले दोन महिने घरात आवराआवर चालू आहे. त्या निमित्ताने भाचीने विचारलेला प्रश्न येथे मांडतो : ‘डिक्लटरिंग’ला मराठीत काय म्हणावे? मी ‘अडगळ काढणे’ असे उत्तर दिले खरे, पण ते मलाच पटले नाही. पसारा वापरातल्या वस्तूंचा होतो आणि संध्याकाळपर्यंत आवरता येतो. अडगळ वर्षानुवर्षे माळ्यावर बसून असते, आणि तिला अडगळ म्हणावयाचे की नाही यावरूनच घरात वाद होतात. आजीचे घंगाळ आणि वडिलांचा बंद पडलेला रेडिओ यांना माझा मुलगा बेधडक अडगळ म्हणतो, मी म्हणत नाही. म्हणजे हा शब्द वस्तूचे वर्णन कमी करतो आणि बोलणाऱ्याचा निकाल अधिक सांगतो.

‘बिऱ्हाड हलवणे’ हेही नेमके बसत नाही. कन्नडात ‘बिडार’ म्हणजे मुक्कामाची, उतरण्याची जागा. आपले बिऱ्हाड त्याच्याच नात्यातले, म्हणून ते भाड्याच्या जागेला शोभते, अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांना तर फारच. चाळीस वर्षे राहिलेल्या स्वतःच्या घराला बिऱ्हाड म्हणताना जीभ अडखळते. ‘चंबूगबाळे आवरणे’ यात थट्टा आहे, त्यामुळे तो वाक्प्रचार बाजूलाच ठेवू.

माझ्या मते या कामाची खरी मराठी नामात सापडत नाही, ती क्रियापदात आहे. पत्र्याच्या पेटीतली आंतरदेशीय पत्रे हातात घेऊन आई म्हणाली, “मला ही टाकवत नाहीत.” हेच वाक्य ‘मी ही पत्रे टाकू शकत नाही’ असे लिहिले, तर कचऱ्याची गाडी आली नसावी किंवा हात दुखत असावा, असे वाटेल. ‘टाकता येत नाहीत’ म्हटले, तर त्यामागे नियम किंवा अडचण असल्याचा भास होतो. ‘टाकवत नाहीत’ मध्ये मात्र हात धड आहे, गाडी दारात उभी आहे, आणि तरीही ते होत नाही. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. त्यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : ‘मी टाकू शकत नाही’ यात क्रियापद ‘मी’प्रमाणे चालते, तर ‘मला पत्र टाकवत नाही, पत्रे टाकवत नाहीत’ यात ते पत्रांप्रमाणे बदलते. आई चतुर्थीत बाजूला उभी राहते आणि क्रियापद वस्तूंच्या मागे जाते. जाणकारांनी यावर भर घालावी.

प्रतिसाद

आपले म्हणणे मान्य आहे, परंतु भाचीचा प्रश्न तसाच राहिला. मी ‘निवडणे’ सुचवेन. तांदूळ निवडताना आपण खडे बाहेर काढतो, मेथी निवडताना पाने ठेवून देठ टाकतो. म्हणजे काय काढायचे आणि काय राखायचे, या दोन्ही बाजू त्या एकाच क्रियापदात येतात आणि ते काम बसून, एकेक हाताळूनच करावे लागते. अडचण एवढीच की ‘घर निवडणे’ म्हटले तर ऐकणारा दलालाचा नंबर देईल. ‘सामान निवडणे’ चालावे.

दुसरे असे की ‘टाकणे’ हे क्रियापद आपल्याला वाटते तितके निष्ठुर नाही. ‘सांगून टाकले’, ‘देऊन टाकले’ यांत ते सहायक म्हणून येते आणि तेथे फेकण्याचा अर्थ उरत नाही, एखादी गोष्ट पुरी होऊन सुटल्याचा उरतो. ज्याला टाकवत नाही, त्याला पुष्कळदा देऊन टाकता येते. देवघरातल्या जीर्ण तसबिरींबद्दल तर आपण ‘टाकल्या’ असे म्हणतच नाही, ‘विसर्जन केले’ म्हणतो.

प्रतिसाद

‘निवडणे’ आवडले, भाचीला कळवतो. ‘देऊन टाकणे’बद्दल आपण लिहिलेत ते काल आमच्या घरी घडले. आईच्या लग्नातला पितळी डबा, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव आणि खाली १९६८, आतली कल्हई कधीच गेलेली. भांड्यांच्या दुकानदाराने तो हातात फिरवला आणि नेहमीच्या सवयीने विचारले, “मोड ना?” मोडीत घातलेले भांडे वजनावर जाते, त्यावर कोणाचे नाव आहे हे तो पाहत नाही, आणि त्यात त्याची काही चूकही नाही. आईने डबा परत घेतला. आज सकाळी तिने तो, खालच्या मजल्यावरच्या, नुकतेच लग्न झालेल्या मुलीला देऊन टाकला, आणि वर येऊन पेटी पुन्हा उघडून बसली. पत्रे अजून टाकवलेली नाहीत.

जाता जाता एक विचारतो. आमच्याकडे ‘मला टाकवत नाही’ असे म्हणतात, सासुरवाडीला मात्र ‘माझ्याच्यानं टाकवत नाही’ असे ऐकतो. मला दुसऱ्यात अंगातल्या बळाचा अर्थ जास्त आणि पहिल्यात मनाचा जास्त वाटतो. आपापल्या भागात कोणते रूप कधी वापरतात, ते कृपया कळवावे.