वारस नोंद दीड वर्ष अडकलीय, हायकोर्टात रिट टाकता येते का?

लातूरची_लेक:
बाबा जाऊन दोन वर्षं होतील, वारस नोंदीचा अर्ज मयताच्या दाखल्यासकट तलाठी ऑफिसला देऊन दीड वर्ष झालं, भावंडांत कुणाची हरकत नाही तरी सातबाऱ्यावर अजून बाबांचंच नाव. गेलं की 'साहेब मीटिंगला गेलेत, पुढच्या आठवड्यात या'. आईला पीककर्ज मिळंना, बँक म्हणते आधी नाव लावून आणा. दर खेपेला ती सगळी कागदं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेते आणि तशीच परत आणते, बघवत नाही. कुणीतरी सांगितलं की हायकोर्ट ऑफिसला काम करायला लावू शकतं, खरंय का?

काळा_कोट:
खरंय. घटनेच्या कलम 226 खाली रिट, त्यात परमादेश, म्हणजे ऑफिसला त्याचं काम करायला लावणारा हुकूम, मागायचा, कोर्टात सगळे मँडॅमसच म्हणतात. लातूरसाठी औरंगाबाद खंडपीठ. पण एक समजून घ्या ताई, अशा केसमधे कोर्ट बहुतेक वेळा 'नाव लावा' असं सांगत नाही, 'अर्जावर इतक्या आठवड्यांत निर्णय घ्या' असं सांगतं. तुमच्यात वाद नाही म्हणून तेवढंही पुरेल. आणि पहिला प्रश्न येणार, लेखी मागणी कधी केली? हेलपाट्यांचा पुरावा नसतो. पोच आहे का?

लातूरची_लेक:
शिक्का आहे पण तारीख पुसट, आवक नंबर नाहीच 😔

बांधावरून:
मग आधी तहसीलदारांच्या नावानं नवीन अर्ज द्या, आवक नंबर पडल्याशिवाय टेबल सोडू नका, एक प्रत रजिस्टर एडीनं पण पाठवा. सोबत माहिती अधिकारात विचारा की जुन्या अर्जावर कुणी, कोणत्या तारखेला काय केलं, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमचा फेरफार (सातबाऱ्यावर नाव बदलायची नोंद) असाच मंडळ अधिकाऱ्याकडं पडून होता, माहितीचा अर्ज गेल्यावर नोंद मंजूर झाली, कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

काळा_कोट:
बरोबर, हाच क्रम धरा. तरी हलले नाहीत तर रिट आईच्या नावानं टाका. 1987 च्या विधी सेवा कायद्यात कलम 12 प्रमाणे बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, खंडपीठातच विधी सेवा उपसमिती आहे तिथं अर्ज करायचा. आदेश होऊनही काम नाही झालं तर अवमान याचिका, ती एका वर्षाच्या आत.

लातूरची_लेक:
फुकट वकिलाचं माहीतच नव्हतं, खूप आभार दादा. सोमवारी आईला घेऊन तहसीलला जाते.

काळा_कोट:
जा. आणि तो पुसट शिक्क्याचा अर्ज टाकून देऊ नका, झेरॉक्स नव्या अर्जाला जोडा, मूळ घरी ठेवा.